कसब हातात आहे, कागद कोणाच्या हातात आहे?



फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी करार केला. महाराष्ट्रातून त्या राज्याला कुशल मनुष्यबळ पुरवायचे आणि प्रायोगिक टप्प्यात १०,००० तरुणांना पाठवायचे, असे जाहीर झाले. जुलै २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागाचा शासन निर्णय निघाला. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, सुतार, रंगारी, वाहनचालक, आचारी अशी लांबलचक यादी आली. जर्मन भाषा सरकार मोफत शिकवणार, असेही सांगितले गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांना दरवर्षी द्यायच्या व्हिसांची संख्या २०,००० वरून ९०,००० वर नेली. तेव्हापासून आपल्या नगर जिल्ह्यातही जर्मनीची चर्चा सुरू आहे. क्लासवाले आहेत, एजंट आहेत, मोबाईलवर फिरणारे व्हिडिओ आहेत. आणि वस्तीत गेले की आया-बाप एकच विचारतात, "आमच्या पोराचं होईल का?"

आमचे उत्तर आहे: होऊ शकते. पण ज्या पायरीवर आपली पोरे अडणार आहेत, त्या पायरीबद्दल ना सरकार नीट बोलते, ना एजंट. ती पायरी भाषेची नाही, तिकिटाचीही नाही. ती आहे मान्यतेची. तुमचे आयटीआयचे प्रमाणपत्र, जीएनएमची पदविका, कारखान्यातली चार वर्षे, हे सगळे तिकडच्या कायद्याने मोजले जाते. मोजणीत जे बसेल, त्यावर व्हिसा ठरतो. आणि ही मोजणी सगळी कागदावर होते. आपल्या समाजाच्या हातात कसब कमी नाही, कमी आहे तो कागद. तो का कमी आहे, याचे उत्तर जर्मनीत सापडणार नाही. ते सुप्याच्या एमआयडीसीत, तालुक्याच्या कॉलेजच्या ऑफिसात आणि मंत्रालयात सापडेल. हा लेख त्यासाठी आहे.

मान्यता म्हणजे नेमके काय?

जर्मनीत १ एप्रिल २०१२ पासून परदेशी व्यावसायिक पात्रतेच्या मान्यतेचा कायदा लागू आहे. त्या कायद्याने कोणत्याही देशात शिकलेल्या माणसाला आपली पात्रता तपासून घेण्याचा हक्क दिला. तपासणी अशी होते: तुमच्या ट्रेडशी जुळणारा तिकडचा व्यवसाय निवडतात, त्याचा अभ्यासक्रम आणि तुमचा अभ्यासक्रम समोरासमोर ठेवतात आणि फरक किती ते पाहतात. निकाल तीन प्रकारचा असतो: पूर्ण समकक्ष, अंशतः समकक्ष किंवा समकक्ष नाही. उद्योग-व्यापाराशी संबंधित ट्रेडसाठी हे काम न्यूरेंबर्गची आयएचके फोसा ही संस्था करते. हस्तव्यवसायांसाठी त्या-त्या भागातले हस्तव्यवसाय चेंबर करते. नर्सिंगसाठी त्या राज्याचे आरोग्य खाते किंवा प्रशासन. कागद पूर्ण असतील तर साधारण तीन महिन्यांत निर्णय द्यावा, असे कायदा सांगतो. निर्णय मान्य नसेल तर हरकत घेता येते. शुल्क बहुधा १०० ते ६०० युरोंच्या दरम्यान असते. त्यात कागदांच्या अधिकृत भाषांतराचा खर्च वेगळा.

इथे एक फरक लक्षात ठेवा, कारण एजंट तो कधीच सांगत नाहीत. काही व्यवसाय नियंत्रित आहेत, काही नाहीत. नर्सिंग नियंत्रित आहे. परवाना मिळाल्याशिवाय तिकडे परिचारिका म्हणून काम करता येत नाही. आपल्याकडच्या जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या मुलींच्या पात्रतेत बहुधा काही त्रुटी दाखवल्या जातात. मग ज्ञानाची परीक्षा द्यायची किंवा पूरक प्रशिक्षण पूर्ण करायचे. तोवर मदतनीस म्हणून कमी पगारावर काम असते. त्यासोबत जर्मनची बी-२ पातळी लागते. फिटर, इलेक्ट्रिशियन, मेकॅनिक हे व्यवसाय नियंत्रित नाहीत. पण आपण युरोपीय संघाबाहेरचे असल्यामुळे कुशल कामगाराच्या व्हिसासाठी त्यांनाही सहसा मान्यता लागते. वाहनचालकाची गोष्ट आणखी निराळी. भारतीय लायसन्स तिकडे सहा महिनेच चालते, नंतर तिथली परीक्षा द्यावी लागते.

मार्च २०२४ पासून या नियमांत दोन वाटा मोकळ्या झाल्या आहेत. पहिली वाट 'मान्यता भागीदारी'ची. मालकाशी नोकरीचा करार करायचा, जर्मनची ए-२ पातळी गाठायची, तिकडे जाऊन काम सुरू करायचे आणि मान्यतेची प्रक्रिया तिथेच पूर्ण करायची. दुसरी वाट अनुभवी कामगारांची. गेल्या पाच वर्षांत किमान दोन वर्षांचा अनुभव असेल आणि पगार ठरलेल्या मर्यादेच्या वर असेल, तर अनियंत्रित व्यवसायात जर्मन मान्यतेशिवायही व्हिसा मिळू शकतो. २०२५ साठी ही मर्यादा वर्षाला ४३,४७० युरो होती. दोन्ही वाटांना एक अट समान आहे. तुमचे शिक्षण किमान दोन वर्षांचे हवे आणि आपल्या देशाच्या सरकारने मान्य केलेले हवे.

या अटीचा अर्थ आपल्या पोरांच्या भाषेत सांगायचा तर असा. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे आयटीआयचे ट्रेड दोन वर्षांचे आहेत. वेल्डर, प्लंबर, डिझेल मेकॅनिक एक वर्षाचे. कौशल्य विकासाच्या नावाखाली चालणारे तीन महिन्यांचे कोर्स तर कुठेच बसत नाहीत. 'आधीच्या शिक्षणाची मान्यता' म्हणून काही दिवसांच्या प्रशिक्षणानंतर मिळणारे प्रमाणपत्रही नाही. घरची ओढाताण असली की पोरगा एक वर्षाचा ट्रेड घेतो, कारण दुसऱ्या वर्षाची वाट पाहायला घरात कोणी कमावते नसते. वेल्डिंगमध्ये त्याचा हात कितीही बसलेला असो, वर सांगितलेल्या दोन वाटा त्याला बंद होतात. गरिबीने निवडलेला ट्रेड पुढे नशीब म्हणून उभा राहतो. म्हणून दहावीनंतर ट्रेड निवडतानाच हे सांगणारा माणूस वस्तीत असला पाहिजे. तो माणूस म्हणजे कार्यकर्ता.

कागद कुठे हरवतो?

आता मूळ मुद्द्यावर येऊ. जर्मन कायदा अनुभव मोजतो. शिक्षण थोडे कमी पडले तर अनुभवाने ती तूट भरून काढता येते. ही आपल्यासाठी चांगली गोष्ट आहे. पण अनुभव कोणाचा मोजला जातो? ज्याच्याकडे तो लिहून दिलेला आहे त्याचा.

नागापूर किंवा सुपा एमआयडीसीत आपली पोरे वर्षानुवर्षे काम करतात. मशीन कंपनीचे, माल कंपनीचा, गेट कंपनीचे. पण पोरगा कंपनीचा नसतो, तो ठेकेदाराचा असतो. दर अकरा महिन्यांनी ब्रेक. ठेकेदार बदलला की पोरगा पुन्हा नवा. नियुक्तीपत्र नाही, पगाराची पावती नाही, भविष्यनिर्वाह निधी कधी भरला तर कधी नाही. चार वर्षे लेथ चालवलेल्या मुलाला अनुभवाचा दाखला मागायला पाठवा. कंपनी म्हणते, हा आमच्या रोलवर नाही. ठेकेदार म्हणतो, माझे ऑफिस आता नगरात नाही. त्याच शॉपमध्ये कायम असलेला माणूस कंपनीच्या लेटरहेडवर दाखला घेऊन बाहेर पडतो. कायम कोण आणि ठेक्यावर कोण, हे आपल्या जिल्ह्यात कसे ठरते ते तुम्हाला सांगायची गरज नाही. नातेगोते, गाव, कारखान्याच्या संचालकाची चिठ्ठी आणि या सगळ्याच्या बुडाशी जात. समाजशास्त्राच्या पुस्तकात याला सामाजिक भांडवल म्हणतात. वस्तीत त्याला वशिला म्हणतात.

दुसरी जागा कॉलेजची. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे पैसे सरकारकडून वेळेवर येत नाहीत. मग कॉलेज मुलीला सांगते, फी भर, तोवर मूळ मार्कलिस्ट मिळणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच विद्यार्थ्यांची मूळ कागदपत्रे अडवून ठेवू नयेत असे बजावले आहे. तरी कपाटाला कुलूप आहेच. सरकारने थकवलेल्या पैशासाठी आपल्या लेकीची पदवी गहाण पडते. मूळ कागदाशिवाय मान्यतेचा अर्जच होत नाही, कारण प्रमाणित प्रत मूळ कागदावरूनच निघते.

तिसरी जागा बोगस नर्सिंगची. तालुक्याच्या ठिकाणी दोन खोल्यांत चालणारे सहा महिन्यांचे, वर्षाचे 'नर्सिंग' आणि 'पॅरामेडिकल' कोर्स तुम्ही पाहिले असतील. मुलीला पांढरा ड्रेस मिळतो, खासगी दवाखान्यात तुटपुंज्या पगारावर राबवून घेतात. पण महाराष्ट्र परिचर्या परिषदेत तिची नोंदणी होत नाही, कारण कोर्सलाच मान्यता नाही. ज्या शिक्षणाला इथेच मान्यता नाही, त्याला जर्मनी, इंग्लंड किंवा आखातातला कोणताही देश मान्यता देणार नाही. प्रवेश घेण्यापूर्वी परिषदेच्या यादीत संस्थेचे नाव पाहणे, हे एवढे एक काम वस्तीतल्या प्रत्येक घराने केले तरी कितीतरी मुलींची वर्षे वाचतील.

चौथी जागा नावाची. दहावीच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी असते, पासपोर्टवर ते शेवटी जाते. शाळेच्या दाखल्यावर एक आडनाव, बापाने नंतर बदललेले दुसरे. मुलीची परिषदेतली नोंद माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या नावाने. आपल्या समाजात आडनाव बदलण्यामागे इतिहास आहे. जातीचा शिक्का पुसण्यासाठी आपल्या माणसांनी आडनावे बदलली. तो निर्णय योग्यच होता. पण परदेशातल्या कारकुनाला तो इतिहास माहीत नसतो. त्याला दोन कागदांवर दोन माणसे दिसतात. भर म्हणून पुणे विद्यापीठ २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झाले आणि २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. म्हणजे एकाच मुलाच्या जुन्या दाखल्यावर एक जिल्हा आणि नव्या दाखल्यावर दुसरा. हे अडथळे सोडवता येतात. राजपत्रातील नावबदल, प्रतिज्ञापत्र, नामांतराच्या अधिसूचनेची प्रत, एवढे अर्जासोबत जोडले की काम होते. पण आधी माहीत हवे. ऐनवेळी धावपळ केली की एजंट पाच हजारांचे काम पन्नास हजारांना करून देतो.

मान्यतेची लढाई आपल्याला नवी नाही

'मान्यता' हा शब्द आपण जर्मनीमुळे शिकलेलो नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांसोबत लाखोंनी धम्मदीक्षा घेतली. धर्म बदलला, पण गावाने वस्ती बदलली नाही, विहीर बदलली नाही. सरकारने मात्र म्हटले, तुम्ही आता अनुसूचित जातीचे नाही. महाराष्ट्राने १९६० मध्ये बौद्धांना राज्यापुरत्या सवलती दिल्या. केंद्राची मान्यता मिळायला १९९० उजाडले. चौतीस वर्षे एका समाजाने आपण जे भोगतो ते कागदावर यावे यासाठी लढा दिला. जातीचा दाखला, जात पडताळणी, वंशावळ, १९५० पूर्वीचा पुरावा, या सगळ्यातून गेलेल्या समाजाला कागद कसा मिळवायचा हे शिकवावे लागत नाही. ज्या चिकाटीने आपण पडताळणी समितीचे खेटे घालतो, त्याच्या निम्म्या चिकाटीने मान्यतेची फाईल पुरी होईल. आणि जर्मनीच्या त्या अर्जात जातीचा रकाना नाही.

बाबासाहेबांच्या आयुष्यातही हा सवाल उभा आहे. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे त्यांच्या बुद्धीला मान्यता मिळाली. १९१७ मध्ये करारानुसार बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्याच माणसाला राहायला खोली मिळेना. पारशांच्या उतारू घरातून काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. या आणि अशा अनुभवांच्या टिपणाला 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे नाव आहे. आपल्याच देशात माणूस म्हणून प्रवेश मिळण्याची वाट पाहणाऱ्यांचे ते टिपण आहे. आज पासपोर्ट हातात घेऊन रांगेत उभ्या असलेल्या पोराने ते जरूर वाचावे. आणखी एक गोष्ट. १९२१ मध्ये बाबासाहेबांनी जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात नाव नोंदवले होते. जर्मन भाषेत स्वतःच्या हाताने लिहिलेला त्यांचा जीवनवृत्तान्त त्या विद्यापीठाच्या दप्तरात आहे. जर्मन आपल्याला जमणार नाही म्हणणाऱ्या पोरांना हे सांगा.

दोन आक्षेप

आपल्याच काही कार्यकर्त्यांचे म्हणणे असे की, ही सगळी योजना म्हणजे सरकारने हात झटकणे आहे. इथे सरकारी भरती बंद, कंत्राटीकरण जोरात, आरक्षण कागदावर. मग पोरांना म्हणायचे, जा जर्मनीला. या आक्षेपात तथ्य आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये याच राज्यात बाह्य संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय निघाला होता. पोरे रस्त्यावर उतरली तेव्हा ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. इथल्या नोकरीच्या हक्काची लढाई सोडून परदेशाचे गाजर आपण घेणार नाही. पण त्याचा अर्थ असा नाही की ज्याला जायचे आहे त्याने अडाणी राहून जावे. वरच्या जातींची पोरे तीन पिढ्यांपासून परदेशात जात आहेत. त्यांच्या घरात दूतावासाची फाईल कशी करायची हे जेवणाच्या ताटावर बोलले जाते. आपल्या घरात ती माहिती नाही म्हणून आपण ती वाट नैतिकदृष्ट्या वाईट ठरवायची का? सोनई आणि खर्डा या गावांची नावे ज्या जिल्ह्याला लागलेली आहेत, त्या जिल्ह्यातल्या पोराला गावाबाहेर श्वास घ्यावासा वाटला तर त्याला पळपुटा म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. गाव सोडा, हे बाबासाहेबांनीच सांगितले.

दुसरा आक्षेप असा की, तिकडेही जात सुटत नाही. बरोबर. भारतीय माणूस जिथे जातो तिथे जात सोबत नेतो. म्हणूनच २१ फेब्रुवारी २०२३ रोजी अमेरिकेतल्या सिएटल शहराच्या परिषदेला जातीवरून होणाऱ्या भेदभावावर बंदी घालावी लागली. ती बंदी आपोआप आली नाही, तिकडे गेलेल्या आंबेडकरी माणसांनी आणि त्यांच्या साथीदारांनी ती लढून मिळवली. जाणारा माणूस चळवळीतून वजा होतो, असे हिशेब करणे चुकीचे आहे. तो कोणत्या तयारीने जातो आणि मागच्यांशी नाते ठेवतो का, यावर सगळे आहे.

पैसा आहे, धोरण नाही

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीतून महाराष्ट्र सरकार दरवर्षी अनुसूचित जातीच्या ७५ विद्यार्थ्यांना परदेशात शिकायला पाठवते. जागतिक क्रमवारीत वर असलेल्या विद्यापीठात प्रवेश हवा, अशी अट आहे. ही योजना टिकली पाहिजे, जागा वाढल्या पाहिजेत. पण तिचा लाभ कोणाला? पदवी, इंग्रजी आणि मार्गदर्शन ज्याच्याकडे आधीच आहे त्याला. पाथर्डीच्या ऊसतोड कुटुंबातून आयटीआयला आलेला फिटर या योजनेच्या दारातही उभा राहू शकत नाही. त्याच्या मान्यतेच्या शुल्काला, भाषांतराला, भाषेच्या परीक्षेच्या फीला सामाजिक न्याय विभागाकडे योजना हवी, ती मागायची कोणी?

केरळकडे पाहा. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या नोर्का रूट्स या सरकारी संस्थेने जर्मनीच्या केंद्रीय रोजगार संस्थेशी 'ट्रिपल विन' करार केला. निवडलेल्या परिचारिकांना बी-१ पर्यंत भाषा केरळमध्येच मोफत शिकवली जाते, मान्यतेच्या प्रक्रियेत मदत मिळते, मुलीकडून भरतीचे पैसे घेतले जात नाहीत. केरळने परदेशी रोजगारासाठी सरकारी महामंडळ १९७७ मध्ये काढले आणि अनिवासी केरळीयांसाठी १९९६ मध्ये स्वतंत्र खाते उभे केले. महाराष्ट्राने करार केला, फोटो काढले, शासन निर्णय काढला. मुलाची फाईल शेवटपर्यंत कोण नेणार, मान्यतेचा खर्च कोण उचलणार, हे मात्र मुलावर सोडून दिले तर करार एजंटांच्याच कामाला येईल.

पैसे नाहीत असे सरकारने सांगू नये. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले. बहिणींना पैसे द्यायला आमचा विरोध नाही. पण अनुसूचित जातींच्या विकासासाठी राखून ठेवलेला पैसा त्याच कामाला लागला पाहिजे. त्या रकमेच्या अगदी लहान हिश्शात हजारो मुलांची मान्यतेची फाईल पुरी झाली असती. म्हणून आमच्या मागण्या अशा:

१. मान्यता शुल्क, अधिकृत भाषांतर आणि भाषेच्या परीक्षेचा खर्च सामाजिक न्याय विभागाने किंवा बार्टीने उचलावा. व्हिसा आणि प्रवासासाठी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाने कमी व्याजाचे कर्ज द्यावे.

२. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात मान्यतेच्या कामासाठी एक जाणकार माणूस नेमावा. आठवड्यातून एकदा त्याने तालुक्याच्या आयटीआयमध्ये बसावे.

३. बाडेन-वुर्टेमबर्ग करारातून किती जणांनी नोंदणी केली, किती जणांना मान्यता मिळाली, किती जण प्रत्यक्ष गेले, याचे तालुकानिहाय आणि प्रवर्गनिहाय आकडे सरकारने जाहीर करावेत.

४. शिष्यवृत्तीच्या थकबाकीसाठी मूळ कागद अडवणाऱ्या महाविद्यालयांवर समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांनी कारवाई करावी.

५. ठेकेदाराकडे काम करणाऱ्या प्रत्येक मुलाला नियुक्तीपत्र, पगारपावती आणि काम सुटल्यावर सेवेचा दाखला मिळावा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांत नियुक्तीपत्राचे बंधन आहे. त्या संहितांना आपले अनेक आक्षेप आहेत आणि राहतील. पण हे कलम आपल्या बाजूचे आहे, तर ते वापरायचे.

आपण उद्यापासून काय करू शकतो?

सरकार हलेल तेव्हा हलेल. विहारात रविवारी वंदनेनंतर तास-दीड तास बसलो तरी पुष्कळ काम होईल. प्रत्येक मुला-मुलीची एक फाईल करा. दहावी-बारावीची मार्कलिस्ट, आयटीआयचे राष्ट्रीय प्रमाणपत्र, अभ्यासक्रमाचा तपशील, शिकाऊ उमेदवारी केली असेल तर तिचे प्रमाणपत्र, परिषदेची नोंदणी, पासपोर्ट. सगळ्यांवरचे नाव आणि जन्मतारीख एका ओळीत लिहून पाहा. फरक दिसला तर आजच दुरुस्तीला टाका.

अनुभवाचा दाखला मिळत नसेल तर हात बांधून बसू नका. भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक काढा, राज्य विम्याची नोंद काढा, बँकेत जमा झालेल्या पगाराचे विवरण काढा, गेटपास जपून ठेवा. आणि हे लक्षात ठेवा की जर्मनीच्या त्याच कायद्यात कलम १४ आहे. शिक्षणाचे काही कागद स्वतःच्या चुकीशिवाय मिळत नसतील किंवा अपुरे असतील, तर प्रात्यक्षिक करून, कामाचा नमुना दाखवून किंवा तज्ज्ञांशी बोलून आपले कसब सिद्ध करता येते. म्हणजे हाताला संधी आहे. पण ती मागावी लागते, न मागता कोणी देत नाही.

एजंटच्या बाबतीत तीन प्रश्न विचारा. तुमचा परदेशी भरतीचा नोंदणी क्रमांक काय? १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी नसलेल्याला परदेशात भरती करता येत नाही. तुमची फी किती? नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. आणि तुम्ही मला कोणत्या व्हिसावर पाठवताय? हा तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. पुष्कळ एजंट मान्यतेची भानगड टाळण्यासाठी आयटीआय झालेल्या मुलाला 'आउसबिल्डुंग'वर, म्हणजे शिकाऊ म्हणून तीन वर्षे पुन्हा पहिल्यापासून शिकायला पाठवतात. ती वाटही वाईट नाही. विद्यावेतन मिळते, तिकडचे प्रमाणपत्र मिळते. एक वर्षाचा ट्रेड झालेल्या मुलाला तीच वाट बरी पडू शकते. पण दोन वर्षांचा फिटर आणि वर चार वर्षांचा अनुभव असलेल्या मुलाला, तू अंशतः का होईना पात्र आहेस हे न सांगता शिकाऊ करून पाठवणे म्हणजे त्याची सहा वर्षे शून्यावर आणणे आहे. 'संधी कार्ड' नावाच्या व्हिसाचाही मोठा गाजावाजा आहे. नोकरी शोधण्यासाठी एक वर्ष तिकडे राहता येते, हे खरे. पण त्या वर्षाचा स्वतःचा खर्च भागवण्याइतके पैसे आधी दाखवावे लागतात, आणि ती रक्कम दहा लाख रुपयांच्या वर जाते. जमीन विकून किंवा सावकाराकडून पैसे काढून हा जुगार खेळू नका. आधी मान्यता, मग मालकाशी करार, मग व्हिसा, हा क्रम सर्वांत सुरक्षित.

जो जाईल त्याच्याकडून एकच मागणे आहे. पैसे पाठवा असे आम्ही म्हणत नाही, ते घरच्यांसाठी आहेत. तुझ्या फाईलची एक प्रत विहारात ठेवून जा. कोणता कागद कुठे अडला, कोणत्या ऑफिसने काय मागितले, निकालपत्रात कोणत्या त्रुटी निघाल्या आणि त्या कशा भरल्या, हे लिहून ठेव. पुढच्या पोराला तेच पुन्हा पहिल्यापासून शोधावे लागू नये. वरच्या जातींनी आपल्या ओळखी घराघरात साठवल्या. आपण आपली माहिती विहारात साठवू, सर्वांसाठी खुली.

जयंतीच्या वर्गणीची वही आपल्याकडे चोख असते. या वर्षी तिच्या शेजारी दुसरी एक वही ठेवा. त्यात वस्तीतल्या प्रत्येक आयटीआय आणि नर्सिंग झालेल्या मुला-मुलीचे नाव, ट्रेड, वर्ष आणि कोणता कागद कमी आहे ते लिहा. ती वही घेऊन समाजकल्याण कार्यालयात जाऊ. तोंडी तक्रार साहेब ऐकून सोडून देतात. शंभर नावांची यादी आवक क्रमांक घालून घ्यावीच लागते.

जय भीम.